याच्या जोडीले कोण?

जूनचा दुसरा आठवडा होता. वखराच्या दोन पाळ्या होऊन वावर मोकळं पडलं होतं, सरकीची पाकिटं कोनाड्यात ठेवलेली होती आणि आभाळात नाव घ्यायला ढग नव्हता. त्या साली, म्हणजे 2025ला, मॉन्सून 26 मेलाच मुंबईत येऊन पोचला. इतक्या लवकर आला म्हणून सगळ्यांना हुरूप आला, आणि मग त्यानं अशी दडी मारली की ज्यांनी घाई करून धूळपेरणी केली त्यांची झोप उडाली. बीटी कपाशीचं पाकीट त्या साली 901 रुपयांचं होतं. दुबार पेरणी म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा घोर लावणाऱ्या रिकाम्या दिवसांत माणूस कुठंतरी जीव गुंतवतो. आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी पानठेल्यामागच्या कडुनिंबाखाली बसून आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबासाठी स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा पुढचा खेळाडू, शोधत होतो.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, वर्धा नदीपासून कोसभर आत. लंडनच्या क्लबाशी त्याचं काय नातं, असं कोणी विचारलं तर मी पुलगावचं नाव सांगतो. तिथल्या दारूगोळा भांडारात माझे मामा नोकरीला होते. सुट्ट्या लागल्या की मी त्यांच्या क्वार्टरवर. संध्याकाळी मागच्या मैदानावर मणिपूरचे, बंगालचे, केरळचे लोक फुटबॉल खेळायचे आणि मी गोलपोस्टच्या मागं उभा राहून बॉल आणून द्यायचो. 2003च्या दिवाळीत मामांच्या केबलवर मी पहिल्यांदा आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीला पळताना पाहिलं. डावीकडून सुटायचा, बॅकच्या, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या, समोर येऊन क्षणभर चाल मंद करायचा, आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं बॉल लांबच्या कोपऱ्यात असा सरकवायचा की गोलकीपर झेप घ्यायचा तो नुसता रीत म्हणून. त्या हंगामात आर्सेनलनं इंग्लंडच्या लीगचे 38 सामने खेळले, 26 जिंकले, 12 बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. एकट्या ऑन्रीचे लीगमध्ये 30 गोल. त्यानंतर 2025च्या त्या पावसाळ्यापर्यंत लीगचा चषक आम्ही पाहिलेला नव्हता. एकवीस वर्षं झाली होती.

हाच ऑन्री 1999 साली युव्हेंटसमधून आला तेव्हा विंगवर खेळणारा पोरगा होता, आणि सुरुवातीचे कित्येक सामने त्याचा गोलच होत नव्हता. हे मी पुढं पुष्कळदा कडुनिंबाखाली सांगितलं आहे. नव्या खेळाडूला पहिल्या महिन्यात कोणी शिव्या घालू लागलं की मला ऑन्रीचं ते पहिलं शरद आठवतं.

इंग्लंडच्या क्लबांची खेळाडू खरेदी-विक्रीची खिडकी, म्हणजे मुदत, त्या साली जूनच्या सुरुवातीला दहा दिवस उघडून मिटली, 16 जूनला पुन्हा उघडली आणि 1 सप्टेंबरला बंद झाली. म्हणजे मृगापासून पोळा उलटून जाईपर्यंत. कास्तकाराच्या वर्षातले सगळ्यात जीवघेणे अडीच महिने आणि फुटबॉलवाल्यांचे अडीच महिने दरसाल असे हातात हात घालून येतात. पेरणी, खांडण्या भरणं, डवरणी, पहिला फवारा, आणि रोज रात्री मोबाइल उघडून पाहणं, की आला का कोणी.

चार नावं चालू होती. न्यूकासलचा अलेक्झांडर इसाक सगळ्यांनाच हवा होता, पण न्यूकासल सोडायला तयार नव्हतं आणि भाव ऐकून छाती दडपत होती. शेवटी तो सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. इंग्लंडमध्ये एवढी रक्कम त्याआधी कोणासाठी मोजली गेली नव्हती. ॲस्टन व्हिलाचा ऑली वॉटकिन्स खात्रीचा, पण तिशीला टेकलेला. त्याच्यासाठी जानेवारीत बोली लावली तेव्हा व्हिलानं सरळ नाही म्हटलं होतं. मग खरा वाद उरला दोघांत. जर्मनीतल्या लाइपझिगचा बेंजामिन शेश्को, स्लोव्हेनियाचा, बावीस वर्षांचा, साडेसहा फुटांच्या जवळ जाणारा. आणि पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा व्हिक्टर ग्योकेरेस, स्वीडनचा, सत्तावीस वर्षांचा.

माझा चुलतभाऊ शेश्कोचा. त्याचं म्हणणं साधं होतं. "भाऊ, गोऱ्हा घेतला त धा वर्सं चालते. जुळलेला बैल घेतला त किती दिवस?" काळी-पिवळी चालवणारा आमचा एक दोस्त ग्योकेरेसच्या बाजूचा. तो म्हणायचा, "बे, गोऱ्ह्याले शिकवणार कोण? आपल्याले वखर आत्ता हाकलायचा हाय. तीन साल झाले, दुसराच नंबर येऊन राह्यला." आणि हे खरं होतं. 2022-23ला 84 गुण, दुसरे. त्याच्या पुढच्या साली 89 गुण करूनही दुसरे, मँचेस्टर सिटीच्या दोन गुण मागं. 2024-25ला 74 गुण आणि पुन्हा दुसरे, या खेपेला लिव्हरपूलच्या मागं. त्या हंगामात आम्ही फक्त चार सामने हरलो. चौदा मात्र बरोबरीत सुटले. चौदा बरोबऱ्या म्हणजे चौदा वेळा वावरापर्यंत बंडी नेली आणि कापूस न भरता परत आणली.

मी स्वतः ग्योकेरेसकडं झुकलो होतो, पण मनात खुटखुट होती. 2024-25ला त्यानं स्पोर्टिंगसाठी सगळे धरून 52 सामन्यांत 54 गोल केले, त्यातले 39 लीगमधले. आकडा पाहून डोळे दिपतात. पण पोर्तुगालच्या लीगमध्ये दोन-तीन संघ सोडले तर बाकीचे स्पोर्टिंगसमोर कसे उभे राहतात, हेही पाहायला हवं. त्याच्या बाजूनं बोलायचं तर नोव्हेंबर 2024मध्ये चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेत, त्यानं मँचेस्टर सिटीला तीन गोल घातले होते आणि स्पोर्टिंग 4-1 जिंकलं होतं. विरुद्ध बाजूनं बोलायचं तर त्या तिनातले दोन पेनल्टीचे. त्याआधी तो कोव्हेंट्रीला दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता, 2022-23ला तिथं 21 गोल, आणि त्याच्याही आधी ब्रायटननं त्याला आपल्या संघात जागा दिली नव्हती. घासून घासून वर आलेला माणूस. मला अशा माणसाची ओढ वाटते. पण ओढ वाटणं वेगळं आणि तो आपल्या कामाचा असणं वेगळं.

अशीच एका संध्याकाळी ही चर्चा रंगली असताना बाबा मला धार काढायला बोलवायला आले. सत्तरी ओलांडलेला माणूस. फुटबॉलचा त्यांना गंध नाही. त्यांनी थोडा वेळ उभं राहून ऐकलं.

"कोणाचं चालू हाय?"

"ग्योकेरेस म्हणून हाय बाबा. 52 सामन्यांत 54 गोल."

त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "थे ठीक हाय. पण कोणाच्या वावरात चालला थो? अन् त्याच्या जोडीले कोण होतं?"

आमच्यातलं कोणी बोललं नाही. दोन आठवडे आम्ही गोल मोजत होतो, वय मोजत होतो, पैसा मोजत होतो. हा प्रश्न एकाच्याही तोंडून आला नव्हता. आणि बाबांना तो का सुचला, ते मला पक्कं माहीत होतं.

2012च्या जुलैमध्ये, डवरणी चालू असताना, आमच्या जोडीतल्या उजव्या बैलाला पान लागलं, म्हणजे साप चावला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दोन्ही बैल गवळाऊ, आमच्या वर्धा जिल्ह्याची जात, पांढरे, उंच, हलक्या पायाचे. एकाच गोठ्यात वाढलेले. एक कायम डावीकडं जुंपलेला, दुसरा कायम उजवीकडं. बाबा तासाच्या टोकाला पोचून नुसती जीभ टाळूला लावायचे की दोघं आपापल्या अंगानं वळायचे. त्या बैलाला धुऱ्याजवळ पुरल्यावर डावा बैल तीन दिवस गव्हाणीत तोंड घालेना. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बैल मेला की दुसरा आणायचा, एवढंच मला कळत होतं.

पण दुसरा आणायचा म्हणजे काय, ते मी त्या पावसाळ्यात शिकलो. बाबांनी चार बाजार पालथे घातले आणि प्रत्येक वेळी मला सोबत नेलं. बाजारात बैल सजवलेला असतो, शिंगांना तेल, कपाळाला रंग. बाबा आधी मागून पाहायचे. मग ओठ उचलून दात मोजायचे, खुराच्या फटी पाहायचे, वशिंडावर हात दाबायचे, भोवरे कुठं आहेत ते पाहायचे. मग मालकाला म्हणायचे, चालवून दाखव. दोन-तीन वेळा तर शर्यतीचा बैल समोर आला, शंकरपटात पळवलेला, अंगात नुसती वीज. माझं मन लगेच तिकडं जायचं. बाबा मान हलवायचे. "हा पटाचा हाय. दोन मिनटं जीव तोडून पयते. आपल्याले सकाळपासून दोन वाजेपर्यंत चालणारा पाह्यजे." आणि सगळ्यात शेवटी, जे मला तेव्हा पटायचं नाही, ते विचारायचे, हा कोणत्या अंगाचा, आणि याच्या जोडीला कोण होतं. डाव्या अंगाचा बैल कितीही देखणा असला तरी त्याला हात लावायचे नाहीत. आमच्याकडं डावा होता.

व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. फुटबॉलमध्ये रक्कम जाहीर केलेली नाही असं वाचलं की मला अजून तो रुमाल दिसतो.

तो पोळा आला तोवर बैल मिळाला नव्हता. आदल्या संध्याकाळी बाबांनी एकट्या डाव्याचा खांदा तुपाहळदीनं चोळला, आणि रीतीप्रमाणं त्याच्या कानाशी म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पण पोळ्याच्या दिवशी त्याला तोरणाखाली नेलं नाही. घरीच पुरणाची पोळी चारली. आणि त्याच पोळ्याच्या तोंडावर रॉबिन फान पर्सी आर्सेनल सोडून मँचेस्टर युनायटेडला गेला. आदल्या हंगामात लीगमध्ये 30 गोल करणारा आमचा कप्तान. पुढच्या हंगामात तिकडं 26 गोल करून त्यानं युनायटेडला लीग जिंकून दिली. घरात कोणी नीट बोलत नव्हतं आणि माझ्याजवळ स्वतःचं एक वेगळं दुःख होतं, जे सांगायला त्या घरात जागा नव्हती.

त्याच्या जागी ऑलिव्हिए जिरू उभा राहिला, जूनमध्येच मॉन्पेलिएमधून आलेला, 21 गोल करून फ्रान्सची लीग जिंकून. आणि आमच्याकडं दिवाळीआधी कारंजाकडून एक बैल आला. तांबूस, जड, एक शिंग खाली झुकलेलं, गवळाऊच्या शेजारी उभा केला की कोणीही म्हणावं, हे काय आणलं. गाव तसंच म्हणालं. मीही मनातून म्हणालो. बाबांनी फक्त एवढं पाहिलं होतं की तो उजव्या अंगाचा आहे आणि सोबतच्या बैलाच्या चालीवर कान ठेवून चालतो.

जिरूला आम्ही साडेपाच वर्षं नावं ठेवली. हळू आहे. ऑन्री नाही, फान पर्सी नाही. आज त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ऑक्टोबर 2013मध्ये नॉर्विचविरुद्ध जॅक विल्शरनं केलेला गोल ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. काझोर्ला, विल्शर, जिरू, एकेका स्पर्शात बॉल फिरत गेला, आणि शेवटी जिरूनं पाठीमागून येणाऱ्या विल्शरच्या पुढ्यात तो असा अलगद ठेवला की विल्शरला नुसता पाय लावायचा होता. गोल विल्शरच्या नावावर लागला. जिरूचं काम त्या पाटीवर कुठं दिसत नाही. तरीही आर्सेनलसाठी त्यानं 105 गोल केले. जानेवारी 2018मध्ये तो चेल्सीला गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये फ्रान्सबरोबर जगज्जेता झाला. त्या विश्वचषकात तो सातही सामने खेळला आणि त्याचा एकही गोल झाला नाही. ग्रीझमान आणि एम्बापेचे चार-चार. जगज्जेत्या संघाचा सेंटर फॉरवर्ड आणि गोल शून्य. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

तो तांबूस बैल आमच्याकडं आठ वर्षं चालला. डावा म्हातारा होत गेला तसा हा आपली चाल कमी करत गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दोघं गेल्यावर आम्ही जोडी केली नाही. आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो. डवरणीला शेजाऱ्याची जोडी.

तर कोणाच्या वावरात, आणि जोडीला कोण. त्या रात्री मी स्पोर्टिंगचे जुने सामने काढून बसलो आणि गोल सोडून बाकी सगळं पाहू लागलो. ग्योकेरेसला बॉल पायात नको असतो. त्याला तो पुढं, मोकळ्यात हवा असतो, बॅकच्या पाठीमागं, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. तिथून तो खांदा लावून आत शिरतो. स्पोर्टिंगचे मधले लोक बॉल हातात आला की मान वर करण्याआधीच त्या जागेत पाठवायचे, कारण तो तिथं निघालेला असणार हे त्यांना ठाऊक होतं. आर्सेनलसमोर मात्र निम्मे संघ आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये दहा माणसं घालून बसतात. पाठीमागं जागाच नसते. आमचे लोक बॉल उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं फिरवत बसतात, मार्टिन ओडेगार्डकडून बुकायो साकाकडं, साकाकडून परत. फार सुंदर दिसतं. पण स्ट्रायकर धावला आणि बॉल आला नाही, असं पाचदा झालं की सहाव्यांदा तो धावत नाही.

हे काही लंडनपुरतं नाही, म्हणून आमच्या गावाचंही सांगतो. आमचा सात जणांचा संघ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर बांबूचे पोस्ट, आणि हिवाळ्यात आसपासच्या गावांत स्पर्धा होतात, बक्षिसाला रोख रक्कम आणि कधी बोकड. आमचा फॉरवर्ड फार चांगला होता. आयटीआय केलेला. 2023मध्ये तो चाकणला कंपनीत लागला. त्याच्या जाण्याचे आम्हाला कोणी पैसे दिले नाहीत, आणि त्याला थांब म्हणायचा आम्हाला अधिकार नव्हता. तीन एकरांत दोन भाऊ, तो राहून काय करणार होता? एस.टी.त बसवून देताना त्यानं आपले बूट मला दिले, जो कोणी येईल त्याला द्या म्हणून.

त्याच्या जागी आम्ही एक अकरावीतला पोरगा घेतला. दिवसभर बकऱ्या राखतो, पायाला दम भरपूर, डावखुरा. पहिल्या स्पर्धेत त्याचा एकही गोल झाला नाही. दुसऱ्या सामन्यानंतर संघातले म्हणू लागले, हा काही कामाचा नाही, शेजारच्या गावातून कोणी आणू. तिसऱ्या सामन्याला माझा घोटा सुजला होता म्हणून मी बाहेर बसलो. खिशात सोयाबीनचे दाणे होते. बॉल त्या पोराकडं गेला की एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. सामना संपला तेव्हा डाव्या खिशात पाच दाणे होते. त्यातल्या तीन वेळा त्याची पाठ गोलकडं होती. आणि तो धावला किती वेळा? ते मी मोजलं नव्हतं, कारण दाणे पुरले नसते. मला एकदम लक्षात आलं की मधून बॉल देणारा मी आहे, आणि दीड वर्ष मी बॉल देत होतो तो चाकणला गेलेल्याच्या जागेवर, उजवीकडं, पायात. हा पोरगा डावीकडं मोकळ्यात हात वर करून उभा असायचा आणि मी तिकडं पाहतच नव्हतो.

2025च्या फेब्रुवारीत संध्याकाळी आम्ही दोघंच मैदानावर जाऊ लागलो. त्याला विचारलं, तुला बॉल कसा पाहिजे. तो लाजला. असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "दादा, म्या निंघायच्या आंधीच द्या."

त्याच फेब्रुवारीत आर्सेनलकडं स्ट्रायकरच उरला नव्हता. गॅब्रिएल जेझुसचा गुडघा जानेवारीत गेला. काय हावर्ट्झ, जो मुळात मधला खेळाडू आणि तरी त्या हंगामात लीगमध्ये आमच्याकडून सर्वांत जास्त, नऊ गोल करणारा, त्याच्या मांडीचा स्नायू दुबईच्या शिबिरात फाटला. मग मिकेल मेरिनो नावाच्या मिडफिल्डरला पुढं उभं केलं, आणि लेस्टरविरुद्ध त्यानं बदली म्हणून येऊन शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल केले. त्या दिवशी कडुनिंबाखाली आम्ही नाचलो. पण ओढूनताणून किती दिवस चालणार? 26 फेब्रुवारीला नॉटिंगहॅम फॉरेस्टशी सामना होता, आपल्याकडं मध्यरात्रीनंतर. आमच्या फिडरवर त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. गव्हाला पाणी चालू, मी धुऱ्यावर बसलेलो, मोबाइल फावड्याच्या दांड्याला टेकवलेला, रानडुकरं येऊ नयेत म्हणून मधूनमधून बॅटरी फिरवतोय. वाफा भरला की उठायचं, बारं मोडायचं, परत येऊन पाहायचं. प्रत्येक वेळी स्कोअर तोच. 0-0. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात गार पडले होते आणि हंगाम हातातून गेल्याचं मला त्या अंधारात कळलं. एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगला याच संघानं रेआल माद्रिदला घरी 3-0 आणि त्यांच्या मैदानावर 2-1 हरवलं, आणि पुन्हा आशा लावली. मग पॅरिसकडून उपांत्य फेरीत 0-1, 1-2. मेच्या उकाड्यात अंगणात बाजेवर पडून पाहिलेला तो दुसरा सामना मला नको तेवढा आठवतो. बॉल गोलसमोरून जात होता आणि तिथं कोणी नव्हतं.

26 जुलैला ग्योकेरेस आल्याचं जाहीर झालं. सहा कोटी पस्तीस लाख युरो आणि वर काही, रुपयांत सहाशे कोटींच्या पुढं. अंगावर 14 नंबर, ऑन्रीचा. तो नंबर त्यानं घ्यायला नको होता असं मला वाटलं, अजूनही वाटतं. त्या नंबरात आमची एकवीस वर्षं आहेत, ती एका नव्या माणसाच्या पाठीवर कशाला? आमच्याकडं तोवर पाऊस लागला होता, पऱ्हाटी गुडघ्याला आली होती आणि पानठेल्यावर गर्दी कमी झाली होती, सगळे निंदणी-फवारणीत. शेश्को ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. चुलतभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पहिला सामना 17 ऑगस्टला त्याच युनायटेडशी, त्यांच्या मैदानावर. जिंकलो 1-0, गोल आमच्या बचावातल्या कालाफिओरीचा. ग्योकेरेसला तासाभरात बाहेर काढलं. मी पुन्हा दाणे घेऊन बसलो होतो. फार थोडे सरकले. तो डावीकडं निघायचा, हात दाखवायचा, आणि बॉल उजवीकडं साकाकडं जायचा. रात्रीच पहिला निरोप आला, "सहाशे कोटी पाण्यात." मी उत्तर लिहिलं नाही. मला ते शाळेचं मैदान दिसत होतं.

मग पोळा आला. आमच्या घरी बैल नाहीत, तरी बाबा धोतर नेसून तोरणापाशी जातात, दुसऱ्यांच्या जोड्या पाहतात, झडत्या ऐकतात आणि उशिरा परत येतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, 23 ऑगस्ट. माझी पोरगी लाकडी बैल ओढत गावभर फिरली, झूल, गळ्यात घुंगरू, घरोघरी खाऊ. संध्याकाळी दमून ओसरीवरच झोपली. रात्री दहाला लीड्सशी सामना.

दुसऱ्या अर्धात सुरुवातीलाच गोल झाला. डावीकडं मोकळ्यात बॉल पडला आणि या वेळी ग्योकेरेस आधीच निघालेला होता. खांदा लावून आत शिरला आणि खालून मारला. मी ओरडलो नाही, पोरगी झोपली होती. नुसता उभा राहिलो. शेवटी शेवटी एक पेनल्टी मिळाली, पंधरा वर्षांच्या एका पोरानं पहिल्याच सामन्यात मिळवून दिलेली, तीही त्यानंच घातली. 5-0.

बाबा जागेच होते. अंधारातून आवाज आला.

"काय झालं?"

"जिंकलो. त्यानं दोन मारले."

"अन् जोडीवाले?"

मी क्षणभर थांबलो. त्या सामन्यात ओडेगार्ड खांदा धरून बाहेर गेला होता, आणि नंतर साका मांडी धरून. पाच गोलांच्या भरात मी त्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

"दोघंही लागून बाहेर गेले, बाबा."

"मंग त्यायचं पाह्य आंधी," ते म्हणाले.

लांब कुठंतरी गडगडलं. ते उठले, बॅटरी घेतली, गोठ्यातल्या गाईवर एकदा उजेड टाकला, कुटारावरची ताडपत्री नीट केली, आणि परत येताना अंगणात राहिलेला पोरीचा लाकडी बैल उचलून ओसरीवर आणून ठेवला.